भिंतीखालचा माणूस

यंत्राने बातमी सकाळीच तयार केली होती: गोदामाची भिंत कोसळली, जीवितहानी नाही. पत्रकारितेच्या वर्गाने तिच्याखाली फक्त सह्या करायच्या होत्या.

“सर, तिथे जाऊन कुणी पाहिलं का?” केतकी सोनटक्केने विचारलं.

उकिडवे सर हसले. “कामगारांच्या मनगटावरचे पट्टे यंत्र मोजतं. सगळे पट्टे बाहेर आलेत. यंत्रापेक्षा तू मोठी लागून गेलीस का?”

वर्ग खिदळला. केतकी उठली आणि बस पकडून गोदामावर गेली.

अग्निशमन दलाची गाडी बातमी वाचून केव्हाच परत गेली होती. ढिगाऱ्यापाशी एक बाई एकटीच विटा उपसत होती.

“माझा नवरा आत आहे, ताई. रोजंदारीच्या माणसाला पट्टा देत नाहीत.”

केतकीने दलाला फोन लावला. “बातमीत तसं काही नाही,” असं उत्तर आलं. मग तीही बाह्या सारून विटा काढू लागली. दोन तासांनी त्या बाईचा नवरा, जनार्दन लोखंडे, बाहेर निघाला. त्याचा पाय चेचला होता, पण श्वास चालू होता.

संध्याकाळी तिने हाताने लिहिलेली बातमी सरांपुढे ठेवली. त्यांनी कागद चिमटीत धरून वाचला.

“म्हणजे माणूस मेला नाहीच! मग यंत्राचं काय चुकलं?”

वर्षभर आपण या माणसाला सर म्हणत होतो, याची केतकीला शिसारी आली. तिने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला आणि जनार्दनचा पाय वाचला का, ते विचारायला ती दवाखान्याकडे निघाली. बातमी अजून अर्धीच होती.