पहिले वाचन

धारच्या त्या घरात पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येत होते. त्याला घाई नव्हती. आधी ते गजांवर थांबले, मग लाकडाच्या जुन्या चौकटीवरून ओघळत खाली आले, आणि फरशीवर उतरल्यावर इतके पसरले, इतके फिके झाले, की ते कुठे संपले हे सांगता येऊ नये. त्यात धूळ तरंगत होती. एखादा कण वर चढे, क्षणभर उजळे आणि सावलीत गेला की नाहीसा होई. रोजच्यासारखेच ऊन होते. सरकत सरकत ते मॉनिटरच्या काचेवर चढले, तेव्हा योगेंद्रने उठून पडदा ओढला.

"पोहे ठंडे होतायत," बकुळाताई आतून म्हणाली. "पहिले खाऊन घे, मग दाखव तुझं ते."

"आधी दाखवतो. तू ये."

आदल्या संध्याकाळच्या बसने तो देवासहून बहिणीकडे आला होता. पीथमपूरच्या एका कंपनीला वेबसाइट बनवणारा माणूस हवा होता, त्यांनी योगेंद्रला निवडले होते, आणि आज दुपारपर्यंत त्याने होकार कळवायचा होता. त्याला ती नोकरी नको होती. त्याला लिहायचे होते. वडिलांचे, तात्यांचे, सारे आयुष्य देवासच्या कारखान्यात गेले होते. त्यांनी वाद घातला नाही. "तुझी ताई वाचते ना तुझं?" ते म्हणाले होते. "मग ती म्हणेल तसं कर."

ताई वाचत होती, हाच त्याचा आधार होता. पुण्याच्या दिवाळी अंकांनी त्याचे लेख परत पाठवले, तेव्हा माळव्यातले ऊन पुण्यात बसून कळायचे नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग तो वेबसाइट करायला शिकला. तिथे वाटेत कुणी संपादक बसलेला नव्हता. दर रविवारी तो एक लेख चढवी, आणि सोमवारी ताईची मेल येई. इंग्रजी अक्षरांत, तिच्या सवयीच्या हिंदीत: बहुत सुंदर लिखा है. दुसरे कुणीच काही लिहीत नसे.

ताई पदराला हात पुसत येऊन बसली. नव्या पानातला फरक कळावा म्हणून त्याने आधी वेबसाइटचे जुने पान उघडले. मॉनिटरवर इंग्रजी अक्षरे, अधिकची चिन्हे, तुटके कंस आणि चौकोन यांच्या ओळीच्या ओळी उमटल्या.

"ताई, तुझ्याकडे हे असं दिसतं?"

"हो. पहिल्यापासून."

"मग तू वाचायचीस काय?"

"फोटो बघायची रे. मला वाटलं, कम्प्यूटरची मराठी असलीच असते. आपली शाळा हिंदीतली, कोण विचारेल उगाच? हसला असतास तू."

जुने पान दिसायला एक खास फॉण्ट आधी उतरवून घ्यावा लागे. तशी सूचना त्याने पहिल्याच पानावर दिली होती. ती त्याच फॉण्टमध्ये होती.

त्याला वाईट वाटायला हवे होते. त्याऐवजी छातीवरचे काहीतरी उतरल्यासारखे झाले. म्हणजे गेल्या तीन वर्षांत लोकांनी मौन पाळले नव्हते, त्यांच्यापर्यंत शब्दच पोहोचले नव्हते. दोष फॉण्टचा होता. आणि तो दोष त्याने आता दूर केला होता. गेले दोन महिने बसून त्याने सारे लेख युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले होते. कुणालाही काही उतरवून घ्यावे लागणार नव्हते. त्याने विंडोजची सीडी घातली, भारतीय भाषांची सोय सुरू केली आणि नवे पान उघडले.

अक्षरे उभी राहिली. वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरे, सारे आपापल्या जागी.

"अरे वा," ताई म्हणाली. "ही तर आपली मराठी झाली."

"आता वाच."

त्याने तिला आईवरचा लेख काढून दिला. आईच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस तिच्या उशाशी बसली होती ती बकुळाताईच. त्याने लिहिलेल्यांत हाच लेख सर्वांत चांगला होता, आणि टीव्हीवरची कुठलीही मालिका बघून रडणारी ताई इथे रडणार, हे तो धरून चालला होता. तो तिच्या चेहऱ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिला. ती ओठ हलवत वाचत होती. कुठे अडली नाही. एका शब्दाचा अर्थही तिने विचारला नाही.

मग तिने माउसचे चाक फिरवले. पान संपले होते. तिने पुन्हा फिरवले.

"पुढचं कुठाय?"

"एवढंच आहे, ताई."

"एवढंच?" तिने पुन्हा वरपासून ओळींवरून नजर फिरवली, हरवलेले काही शोधावे तशी. संध्याकाळ होती, तळे होते, सावल्या होत्या, दूरवर विझत जाणारा प्रकाश होता. "यात आई कुठाय रे?"

त्यात टोमणा नव्हता. तिने खरोखरच विचारले होते.

तिची शाळा हिंदीतली, हे उत्तर त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी, तो घसरून पडला की ठेवायची तसा.

"अक्षरं मात्र किती सुरेख बसवलीस," ती म्हणाली. "पीथमपूरवाल्यांना हो कळवून टाक, भिया. मी पोहे गरम करते."

ती आत गेली. पान उघडेच होते. आता ते कुणालाही वाचता येणार होते. त्याने पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणाचे असावे तसे वाचले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

त्याला लिहिता येत नव्हते.