आईचा सहाचा फोन

फोन वाजला तसा बाबांनी टीव्ही बंद केला. "हिचाच असणार," ते म्हणाले.

लेकीच्या हातातला कप तसाच राहिला. आईला जाऊन पाच महिने झाले होते.

"अहो, गोळी घेतलीत का?" फोनमधून आईने विचारलं. तोच आवाज, किंचित बसका. "आणि गुडघा कसा आहे आज?"

बाबांनी निमूट डबी उघडून गोळी घेतली. "घेतली गं. आज बरा आहे."

लेक आतल्या खोलीत गेली. भाऊ लॅपटॉपवर टाइप करत होता. तो लिहील ते बाहेर आई बोलत होती.

"दादा, हे काय चालवलंयस?"

"हळू बोल. आईचे व्हॉइस मेसेज एका एआय ॲपमध्ये घातले, तिचा आवाज तयार झाला. अर्धा तास लागला. बाबांना ती गेल्याचंच आठवत नव्हतं. माझ्या हातची गोळी थुंकून टाकायचे."

"म्हणून गेलेल्या माणसाच्या तोंडून खोटं वदवायचं?"

"मग तू ये रोज सहाला. पाच तासांचा तर प्रवास आहे."

ते मेसेज लेकीनेच त्याला पाठवले होते. आठवण म्हणून हवेत, असं तो म्हणाला होता. राग नक्की कोणावर काढायचा, हेच तिला कळेना. त्याच्यावर, त्या यंत्रावर, की मघाशी त्या आवाजाला ओ द्यायला निघालेल्या स्वतःवर?

फोन संपल्यावर ती बाबांजवळ येऊन बसली. आता खरं काय ते सांगून टाकायचं.

"बाबा, तो फोन..."

"माहीत आहे. सुरुवातीला फसलो. पण तुझ्या आईने जन्मात कधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली? 'जरा चाला, सगळं दुखणं पळेल,' एवढंच म्हणायची. शिवाय आधी आत बटणं वाजतात, मग इथे ती बोलते. विसरभोळा झालोय, बहिरा नाही."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "मग बंद करायला सांगते त्याला."

"नको." बाबांनी आतल्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "आमचं ते भांडण झाल्यापासून सहा वर्षं, एका घरात राहून, तो माझ्याशी शब्द बोलला नव्हता. आता रोज बोलतो."