मदर पास

“लिवा साहेब, लिवा! मदर पास!”

जिंतूरच्या तार ऑफिसच्या खिडकीवर सूर्यभानने दोन्ही हातांनी थाप मारली. मागे त्याची बायको सुलाबाई पदराने घाम टिपत उभी होती. अर्ध्या तासापूर्वी शाळेच्या फळ्यावर तिने आपलं नाव आपणच वाचलं होतं. सातवी पास! चाळिशी उलटल्यावर, बाहेरून परीक्षेला बसून! तिथून इथवर दोघं जवळजवळ पळतच आले होते.

पळायला कारणही तसंच होतं. त्यांचा रायभान औरंगाबादेत बी.ए.ला होता. दोनदा नापास होऊन पोरगं पार खचलं होतं. यंदा फॉर्म भरला खरा, पण बसणार नाही म्हणायचा. तेव्हा सुलाबाईने त्याच्याशी पैज लावली होती. मी सातवी पास झाले तर तू पेपरला बसायचं, नाही झाले तर खुशाल गावी ये. उद्या सकाळी त्याचा पहिला पेपर होता. तार आजच पोचायला हवी होती.

तारबाबू दिनकररावांनी फॉर्मवर इंग्रजीत ‘मदर पास्ड’ लिहिलं आणि त्यांचा हात थांबला.

“अहो, पास्ड म्हणजे वारलीसुद्धा होतं इंग्रजीत.”

“आसं कसं? परीक्षेचा पास, एस.टी.चा पास. समदं जग पासला पासच म्हणतंय की!”

“आपल्याकडं. गेल्या साली एकानं पुतण्याला ‘अंकल पास्ड’ अशी तार केली. पुतण्या डोकं भादरून एस.टी.तून उतरला, तर समोर काका पेढे घेऊन उभे!”

रांग खो खो हसली. सूर्यभानला हसू येईना. अशी तार वाचली तर रायभान मिळेल त्या गाडीने गावी निघणार, आणि पेपर बोंबलणार.

मग काय, रांगेतल्या प्रत्येकाला इंग्रजी यायला लागलं.

“मदर क्लिअर लिहा,” कापसाचा दलाल म्हणाला.

“लाईन क्लिअर झाली की गाडी सुटतीच,” मागून कुणीतरी बोललं.

कोर्टातल्या कारकुनाने सक्सेस हा शब्द सुचवला आणि लगेच जीभ चावली. “नको नको! आमच्याकडं सक्सेशनचा, म्हणजे वारसाचा, कागद माणूस मेल्यावरच निघतो.”

मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहावी म्हटलं, तर दिनकररावांनी कानाला हात लावले. मागे एकदा ‘काका’चा वाटेत ‘केक’ झाला होता.

शेवटी एक पेन्शनर मास्तर पुढे सरसावले. “सोपं आहे हो. मदर पास्ड एक्झाम, पेपर डोन्ट मिस.”

दिनकररावांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. तारेत स्वल्पविराम कुठला! “मदर पास्ड. एक्झाम पेपर डोन्ट मिस.”

आई गेली, पण पेपर चुकवू नकोस!

“मग एक्झामपुढं पूर्णविरामाचा ‘स्टॉप’ घाला,” मास्तर हटायला तयार नव्हते.

“मदर पास्ड. एक्झाम स्टॉप!” दिनकररावांनी वाचलं. “म्हणजे आई गेली, परीक्षा थांबव!”

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. खिडकी पाचला बंद व्हायची आणि घड्याळात पाचला दहा कमी होते. सूर्यभान रडकुंडीला आला. “पास झाली न्हाई आस्ती तर बरं झालं आस्तं,” तो बोलून गेला.

सुलाबाईने त्याला बाजूला सारलं. इतका वेळ सगळे तिच्याविषयीच बोलत होते, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने खिडकीतून हात आत घातला.

“दादा, द्या तो टाक हिकडं.”

तिने ‘मदर’वर काट मारली. वर एक उभी रेघ ओढली. रेघेच्या डोक्यावर एक आडवी दिली, पायाशी एक. सगळी रांग माना उंचावून बघत होती.

“आय,” दिनकररावांनी वाचलं.

“आय म्हंजे आईच की!” दलाल ओरडला.

“आय म्हंजे मी,” सुलाबाई म्हणाली. “पोराच्या पुस्तकात पयल्याच पानावर हाय. मी पास झाले, आसं मीच कळवायले, खाली नाव बी माझंच. मेलेली बाई सवता तार करायला येती व्हय, दादा?”