भुरीची वाटी

कुत्र्यांच्या निवाऱ्यात हेमांगीनं स्वभावाच्या परीक्षेसाठी काठीला बांधलेला प्लॅस्टिकचा हात पुढे केला आणि भुरीची वाटी ओढली. भुरी गुरगुरली. तिच्या गळ्यातला पट्टा लगेच मराठीत बोलला, "हात नको लावू. पिल्लांचं आहे."

पिल्लं तर मागच्याच आठवड्यात चांगल्या घरी गेली होती.

"नापास," डॉक्टर सबनीस म्हणाले. "वाटीवरून गुरगुरणारं कुत्रं कुणाच्या घरी द्यायचं नाही."

"अहो सर, ती कारण सांगतेय ना!"

"हे पट्टे आल्यापासून सगळीच कारणं सांगतात, हेमांगीबाई. तिला न्यायला आलेल्यांचं मूल रांगतंय. उद्या त्यानं वाटीत हात घातला तर?"

हेमांगीचंही मूल रांगत होतं. बाहेर थांबलेलं कुटुंब तसंच परत गेलं.

तिनं वाटी परत ठेवली. भुरीनं एक घास तोंडात धरून कोपऱ्यातल्या गोणपाटावर नेऊन ठेवला आणि बाजूला बसून राहिली.

"अगं, पोटभर जेवतात ती तिकडे," हेमांगी तिच्या कानाशी म्हणाली. भुरीनं नुसती शेपटी हलवली. माणसाचं कुत्र्याला सांगणारा पट्टा अजून निघाला नव्हता.

"या रे," भुरीचा पट्टा बोलला. "निवतंय."