टोकाचा तबेला

दहाव्या महिन्यात घोडी गाभडली. मेलेलं शिंगरू पुरून आलेल्या मोतद्दाराने सगळा दोष स्वतःच्या माथी घेतला. आदल्याच दिवशी त्याने तिला दोन फेऱ्या जास्त फिरवलं होतं. बाकीच्या नऊ घोड्या त्याने जोडीदारावर सोपवल्या आणि या एकटीला घेऊन तो टोकाच्या रिकाम्या तबेल्यात राहायला गेला. तिची बादली, तिचं अंग घासायचा खरारासुद्धा तिकडेच नेला.

तीन आठवड्यांनी घोड्यांच्या डॉक्टरबाई तिच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या.

"काका, फिरवण्यानं काही झालेलं नाही. विषाणू होता. बादलीतून, हातांतून पसरतो. एक गाभडली की पाठोपाठ सगळ्याच गाभडतात."

त्याने पलीकडच्या तबेल्याकडे पाहिलं. "मग बाकीच्या?"

"नऊच्या नऊ ठणठणीत! हिला तुम्ही लगेच वेगळं ठेवलंत ना, म्हणून. मलाही इतक्या लवकर सुचलं नसतं. तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचतंय कुठलं, बाई!" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "त्या नऊजणी पोटुशा. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जाणार होतो?"