दोउरोची ओटी

“फोटोसाठी फक्त वीस मिनिटं!” पोर्तोच्या पुलावर टूर मॅनेजर ओरडला.

आम्ही बायका कठड्याशी ओळीने उभ्या राहिलो. माझ्या खोलीत उतरलेल्या दाभाडेबाईंनी मात्र पर्समधून खण, तांदूळ आणि नारळ काढला, नि काही कळायच्या आत सगळं खाली दोउरो नदीत सोडून हात जोडले.

“काकू, दंड होईल इथे!” मॅनेजरचा चेहरा पडला.

मला हसू आवरेना. आठ दिवसांत ही बाई एकाही चर्चमध्ये आली नव्हती, प्रत्येक ठिकाणी बसमध्येच बसून राहिली होती. आणि ओटी भरायला हिला हीच नदी सापडली! तरी म्हटलं, नदी ती नदी.

“पर्समध्ये थोडे तांदूळ उरले असतील तर मलाही द्या की. सगळं पुण्य एकट्याच नेणार?”

“तुम्ही नका भरू,” त्या पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “माझा मुलगा इथे शिकायला होता. तीन वर्षांपूर्वी याच पुलावरून त्याने उडी मारली. अजून सापडला नाही.”

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

“पोटुशीची ओटी भरतात ना?” त्या म्हणाल्या. “हिच्या पोटात माझं पोर आहे.”