बांगड्याचा श्वास

ज्ञानरचनावादाच्या प्रशिक्षणातून गोकुळदास सरांनी एकच गोष्ट घेतली होती: शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही, मुलांनी शोधायचं. म्हणून तपासणीच्या दिवशी त्यांनी सकाळी साखळीच्या बाजारातून येताना आणलेला बांगडा चौथीच्या मुलांपुढे ठेवला. मासा पाण्यात श्वास कसा घेतो, हे मुलांनीच शोधायचं होतं. मागच्या बाकावर अधिकारी बाई शेरा लिहायला वही उघडून बसल्या होत्या. गौरवीने कल्ला उचलला, वास घेतला, डोळा दाबला. गटातल्या सगळ्यांनी तेच केलं. निष्कर्ष सांगायला तीच उभी राहिली. “सर, कल्ले तांबडे नाय, काळे पडलेत. हो बांगडो परवाचो. तुमका फसवल्यान.” सरांच्या पाठाच्या टाचणात हे उत्तर नव्हतं. बाईंनी विचारलं, “हिरव्या छत्रीखालच्या मासेवालीकडून घेतलात?” सरांनी मान डोलावली. बाईंनी वही मिटली, बाकाखालची आपली पिशवी काढली आणि गौरवीपुढे ठेवली. “बाय, हे पण बघ.”